कस्तीवाचून तीन पावलं

"दोराच होता ना बाई? त्याचं एवढं काय!"

वॉर्डातला तो माणूस असं म्हणाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईनं माझं मनगट दाबून धरलं म्हणून, नाहीतर त्याच्या हातातली बादली मी त्याच्याच डोक्यावर उपडी केली असती.

ताईच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, सकाळी पंपघरातच छातीत कळ आली. गावाला पाणी चढवणारे मोठाले पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. वरचे कपडे ग्रीसनं काळेकुट्ट, पण शर्टाखालचा मलमलचा सदरा पांढराशुभ्र, आणि त्यावरून कमरेला तीन वेढे दिलेली लोकरीची कस्ती. आम्हा जरथुष्ट्री माणसांच्या अंगावर या दोन गोष्टी लहानपणी दीक्षेच्या दिवशी चढतात, त्या अंघोळीपुरत्याच उतरतात. सदऱ्याला गळ्याशी एक इवलासा खिसा असतो, माणसाची सत्कृत्यं साठवायला. भाऊजी म्हणायचे, "शिवणारीला माझा अंदाज बरोबर आहे. म्हणून तर खिसा एवढासाच ठेवलाय."

इस्पितळात आणल्यावर त्यांचा शर्ट कापला, सदरा कापला, आणि मागची गाठ सुटेना म्हणून कस्तीवरही कात्री चालवली. मग ताईच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. त्यात घड्याळ होतं, बूट होते, चामडी पट्टासुद्धा होता. सदरा आणि कस्ती तेवढी नव्हती.

"कापलीत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही," ताई त्या माणसाला सांगत होती. "जीव वाचवायला कापलीत. पण टाकलीत कुठं?"

"रक्ताचे बोळे टाकतो तिथंच. कचऱ्याची गाडी गेली केव्हाच."

पट्टा जपून ठेवायचं बरं कळलं यांना! बाजारात कुठंही मिळतो तो पट्टा. कस्ती ताईनं स्वतः विणलेली होती. आमचे वडील धर्मगुरू, आणि अशा घरातल्या बायकांनी कस्ती विणायची ही आमची रीत. छोट्या मागावर बहात्तर धागे ताणून ताई मान मोडेपर्यंत बसते. तिच्या हातच्या कस्त्या आमच्या अख्ख्या समाजाच्या कमरेला आहेत, आणि तिच्याच घरात जास्तीची एक नाही. विणून झाली रे झाली की कुणीतरी न्यायला दारात उभंच.

सकाळी तिचा फोन आला तसं इस्पितळात येण्याआधीच मी तिच्या घरी जाऊन कपाट उपसलं होतं. धुतलेले सदरे मिळाले. कस्ती मिळाली ती मागावरची, अर्धीमुर्धी. पुरी झाल्यावरही धर्मगुरूंनी मंत्र म्हणून ती सिद्ध करावी लागते, तर त्या अर्धवट कस्तीचं करायचं काय? सदरा घेऊन मी तशीच धावत आले.

भाऊजी शुद्धीवर होते. त्यांचा हात सारखा कमरेशी जायचा, चाचपायचा आणि परत यायचा. ताईनं त्यांना खरं ते सांगून टाकलं. मला मात्र त्या हाताकडे बघवेना.

ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. ढकलगाडी आली आणि भाऊजींनी पलंगाची दांडी घट्ट धरली.

"असा मी हलणार नाही."

"काका, एका दोऱ्यासाठी जीव धोक्यात घालणार?" तरुण डॉक्टर वैतागला.

"कस्तीवाचून आम्ही तीन पावलांपुढं जात नाही, साहेब. आजवर कधी गेलो नाही. आज एवढ्या लांब निघायची वेळ आली, तर आजच जाऊ?"

डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. तिनं खुर्ची पलंगाशी ओढली, पडदा सरकवला आणि खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत, स्वतःची कस्ती सोडली.

"ही धुऊन आण," ती मला म्हणाली.

"ताई, माझी देते ना!"

"तुला औषधं आणायचीत, रक्तपेढीत जायचंय. ती धावपळ कोण करणार? मला काय, बसायचंच तर आहे."

आणि ती खुर्चीत बसली.

एकाची कस्ती धुतल्याशिवाय दुसऱ्यानं बांधायची नसते. मी ती नळाखाली धुतली, पिळली. आम्ही भाऊजींना सदरा घातला. पलंगावर उठून बसत त्यांनी ती स्वतःच बांधली. पुढची गाठ, मागची गाठ.

"ओली आहे हो," ताई म्हणाली.

"असू दे. पंपघरात असल्यासारखं वाटतंय."

वॉर्डाची मोठी सिस्टर हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "दारापर्यंत राहू दे अंगावर. आत मी उशाशी ठेवीन. टाकणार नाही." त्या दिवसात शहाणं असं तेवढंच एक माणूस मला भेटलं.

गाडी गेली. औषधं पोचवून मी परत आले तर रखवालदार ताईपुढं उभा होता.

"भेटीची वेळ संपली. बाहेर बसा."

"मला उठता येत नाही."

"पाय दुखतात? चाकाची खुर्ची आणू?"

"पाय धड आहेत."

शेजारच्या पलंगावरची माणसं हसली. रखवालदारानंही त्यांच्याकडे बघून कानाशी बोट फिरवलं. बस्स, माझं डोकंच फिरलं.

"वेडी वाटली का ती तुम्हाला? तुमच्याच माणसांनी तिच्या नवऱ्याची कस्ती घाणीत टाकली, म्हणून ती इथं अडकलीय! आधी ती शोधून आणा, धुवा, आणि मग या तिला उठवायला!"

तो पुटपुटत निघून गेला. ताई म्हणाली, "ओरडू नकोस, आजारी माणसं आहेत." मी पाणी पुढं केलं, ते तिनं नुसत्या मानेनं नाकारलं. रिकाम्या पलंगाकडे बघत ती बसून राहिली.

उन्हं कलली तेव्हा मोठी सिस्टर आली. ती येत असतानाच आम्हाला कळलं.

"खूप प्रयत्न केले," ती म्हणाली. "कस्ती उशाशीच होती. आहे अजून. तुम्ही बघायला येताय ना?"

ताईनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धवट उठली आणि परत बसली. सबंध दिवसात तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं.

"त्यांना मलाच बांधायला हवी गं," ती म्हणाली. "आणि मला जाता येत नाही."

मी दुसरी खुर्ची ओढली. खिडकीत थोडा उजेड शिल्लक होता. त्याच्याकडे तोंड करून मी माझी कस्ती सोडली आणि सिस्टरच्या हातात दिली. काही न विचारता तिनं ती नळाखाली धरली, पिळली आणि दोन्ही हातांवर घेऊन आली.

"धावपळ संपली, ताई," मी म्हटलं. "आता मला बसायचंच तर आहे."

ताईनं कस्ती बांधली. पुढची गाठ, मागची गाठ. मग ती उठली. गुडघे आखडले होते, पण सिस्टरनं पुढं केलेला हात तिनं घेतला नाही. त्या लांबलचक बोळातून ती ताठ चालत गेली.

थोड्या वेळानं रखवालदार आला. खुर्चीकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"आता तुम्ही? चला, उठा."

"नाही उठत," मी म्हटलं.