उसन्या दिशेचे भोवरे

ईशानीचा सत्कार लोधिवलीच्या देवळात ठरला आणि तिची ओळख करून द्यायचं काम नानांनी स्वतःच्या लेकीच्या, हर्षलाच्या गळ्यात मारलं. "तुमी दोघी एकच शिकल्याव ना गं? मग तूच बोल," नाना म्हणाले. हर्षलाच्या अंगाचा तिळपापड झाला. चुलतबहिणी, विषय एकच. पण हर्षला खालापुरात अकरावीची प्रॅक्टिकलं घेतेय आणि ईशानी बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत भोवरे मोजतेय!

ज्या शोधासाठी सत्कार होता, त्याचा पेपर ईशानीनं छापायला पाठवला होता. तिचं म्हणणं असं: अतिप्रवाही, म्हणजे घर्षणच नसलेल्या अणूंच्या पातळ पापुद्र्यात भोवरे उठतात. काही डावे, काही उजवे. पापुद्रा ढवळून ऊर्जा वाढवत नेली की गोंधळ वाढायच्या ऐवजी एका दिशेचे भोवरे आपापले कळप करतात. भाषणासाठी म्हणून तिनं प्रयोगाचे फोटो आणि ते वाचणारा संगणकाचा प्रोग्रॅम हर्षलाला पाठवले होते. हर्षला ते मायेनं थोडीच बघत होती! खोट शोधत होती.

आणि सापडली. फोटोत भोवऱ्याचं नुसतं भोक दिसतं. फिरायची दिशा प्रोग्रॅम ठरवतो. जिथे त्याला दिशा कळली नव्हती, तिथे त्यानं शेजारच्या भोवऱ्याची उसनी घेतली होती. मग कळप दिसणारच की! हर्षलाला मनातून उकळ्या फुटल्या. तिनं लगेच फोन लावला.

ईशानीनं तिथेच प्रोग्रॅम उघडून बघितला. मग म्हणाली, "ताई, हे माझ्या सरांनाही दिसलं नाही गं. आता तूच तपास. कळप खोटे निघाले तर पेपर मागे घेते, आणि नानाकाकांना सत्कार नको म्हणून सांगते."

हर्षलानं कॉलेजला दांडी मारली. शंकेचे सगळे भोवरे वगळले, दिशा पक्की असलेलेच ठेवले आणि पुन्हा मोजलं. कळप तसेच. परत मोजलं, तरी आकडा हलेना. ईशानी बरोबर होती. कळप खोटे आहेत असं सांगितलं असतं, तर तिनं डोळे झाकून विश्वास ठेवला असता. तो मोह हर्षलानं दुपारभर कुरवाळला. संध्याकाळी फोन केला.

"खरे आहेत कळप," ती कशीबशी म्हणाली.

"ताई! मग पेपरवर तुझं नाव घालते, माझ्याआधी!"

नाव मिळालं की जळफळाट थांबेल, असं हर्षलाला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आता ते आयतं मिळालं तरी तो थांबेना. तिला ईशानी चुकलेली हवी होती.

"काय म्हनते गं आपली ईशानी?" नानांनी विचारलं.

"तिचं काही चुकलं नाही," म्हणता म्हणता हर्षलाला रडू फुटलं.

नाना खूश झाले. "बहिनीसाठी डोल्यात पानी आलं बघ पोरीच्या," ते कौतुकानं म्हणाले.