आधी उत्तर, मग गणित

मास्तरांना अख्खी शाळा पाठीमागे 'पूर्णांक मास्तर' म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. नाव काही उगाच पडलं नव्हतं. त्यांच्या फळ्यावर कुठलीही बहुपदी येवो, तिचे अवयव खटाखट पडायचे आणि उत्तर यायचं ते तीन, पाच, वजा दोन असं मुठीत मावणारं. अपूर्णांक नाही, वर्गमुळाची करणी नाही, मागे लोंबणारं शेपूट नाही. पोरं म्हणायची, "आपल्या मास्तरांकडे उत्तरसुद्धा आंघोळ करून, भांग पाडून येतं."

त्यामागची युक्ती गणित शिकवणारा प्रत्येक जण जाणतो. आधी उत्तर धरायचं. दोन आणि पाच हवेत ना? मग एक्स वजा दोन आणि एक्स वजा पाच यांचा गुणाकार करायचा, की तयार झाली बहुपदी. मुलांनी तिच्या गाठी सोडवायच्या आणि मास्तरांनी आत लपवून ठेवलेलं सापडलं की उड्या मारायच्या. यात पाप नाही. तान्ह्याला चालायला शिकवताना बोट धरावंच लागतं. देवानेसुद्धा माणसाला आधी आईचं बोट दिलं आणि मग रस्ता दिला. मास्तरांच्या मायेत खोट नव्हती. बोट सोडायचं मात्र त्यांच्या हातून राहून गेलं होतं.

मास्तर निवृत्त झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. फळा मास्तरांचा, खडू मास्तरांचा. लेक बाजूच्या स्टुलावर बसून वह्या तपासायची. तिच्याकडे गणिताची पदवी होती, शिकवण्याची पदवी होती, आवाज खणखणीत होता. पण मास्तर पाणी प्यायला आत गेले तरच खडू तिच्या हाती यायचा. ते मिशा पुसत बाहेर आले की म्हणायचे, "बस बाळा, दमली असशील." बाळाच्या कानशिलांवर आता पांढरे केस दिसू लागले होते.

तिला दुसरं काही नको होतं. स्वतःचा फळा हवा होता, जिथे कुणी मिशा पुसत येऊन "बस" म्हणणार नाही. आणि यंदा तो योग आला. मास्तरांच्याच जुन्या शाळेत बीजगणिताची कायम जागा निघाली. यंदा हुकलं, तर पुढच्या खेपेला ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

"शाळा आपलीच आहे," मास्तर म्हणाले. "मुख्याध्यापिका माझ्या हाताखाली शिकलेली. तू नुसती उभी राहा."

आई आतून म्हणाली, "नुसती उभी राहायला घरात काय कमी जागा आहे? तिला बोलू द्या म्हणजे झालं."

निवडीची रीत अशी होती की उमेदवाराने खऱ्या वर्गावर, खऱ्या मुलांपुढे एक तास घ्यायचा. मागच्या बाकावर तिघं बसली होती. एक मुख्याध्यापिका, एक संस्थेचे सचिव, ते बसल्या बसल्याच डुलक्या काढू लागले होते, आणि तिसरे महाविद्यालयातून बोलावलेले प्राध्यापक. प्राध्यापक काटकुळे, बोलायला मऊ. नजर मात्र अशी, की दुधातलं पाणी लांबून ओळखावं.

लेकीने सुरुवात झकास केली. बहुपदी म्हणजे काय, हे तिने एका पंक्तीची गोष्ट करून सांगितलं. प्रत्येक पदाचं आपलं आसन. एक्सचा वर्ग एका आसनावर, एक्स दुसऱ्यावर, आणि ज्याच्याशी एक्सचं काही घेणंदेणं नाही ते स्थिर पद शेवटी, जावईबापूंसारखं फुगून. मुलं हसली. शेवटच्या बाकावरची दांडगी पोरंसुद्धा माना वर करून बघू लागली. आपण इतका वेळ बोलतोय आणि कुणी थांबवत नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि पोटातून एक ऊब वर चढत आली. सापडलं, असं तिला वाटलं. हाच तो फळा.

मग प्राध्यापक उठले. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर नीट, टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

x² − 6x + 7

"ही बहुपदी एक्सच्या कोणत्या किमतींना शून्य होते, ते मुलांना काढून दाखवा."

लेक फळ्याकडे वळली. "बघा हं, असे दोन अंक शोधायचे की गुणाकार सात आणि बेरीज वजा सहा. सात म्हणजे किती गुणिले किती?"

"सात एके सात!" वर्ग ओरडला.

"शाब्बास. आता वजा सात आणि वजा एक घेतले तर बेरीज येते वजा आठ. आपल्याला हवी वजा सहा." तिचा हात थबकला. सात आणि एक. सातातून एक गेला की सहा. इतकं जवळ आलेलं गणित नुसत्या चिन्हासाठी कसं अडेल? लहानपणापासून असं काही अडलं की घरात एकच वाक्य ऐकू यायचं. तेच वाक्य आता तिच्या तोंडून बाहेर पडलं. "मुलांनो, इथे लिहिताना चूक झालेली दिसते. हे चिन्ह वजा हवं."

आणि तिने ओल्या फडक्याने ते अधिक पुसलं, तिथे ठसठशीत वजा काढलं आणि पुढे सर्रकन सोडवत गेली. एक्स वजा सात, एक्स अधिक एक. उत्तर सात आणि वजा एक. आंघोळ करून, भांग पाडून आलेलं उत्तर. तिने हसत मागे वळून पाहिलं.

मुख्याध्यापिका खाली बघत होत्या. सचिव जागे झाले होते.

"चिन्ह का बदललंत?" प्राध्यापकांनी विचारलं.

"ते... चुकून पडलं असावं."

"मी लिहिलं होतं ते. विचार करून."

वर्गात आधी एक जण फिसकन हसला आणि मग सगळेच. एक पोरगा हळूच म्हणाला, "परीक्षेत आपणपण असंच करू या रे. नाही आलं की गणितच बदलायचं." मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले, पण त्यांच्याच ओठांचा कोपरा हलला होता, आणि लेकीने तो पाहिला.

मग तिला सगळं लख्ख दिसलं. सूत्र तिला पाठ होतं. पदवीच्या परीक्षेत याहून दहापट वाकडी गणितं तिने सोडवली होती. "तीन अधिक करणी दोन आणि तीन वजा करणी दोन," ती घाईघाईने म्हणाली. "पूर्णांकी अवयव पडत नाहीत. सूत्राने येतं. मला येतं, सर."

"येतं, ते दिसलंच," प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही टोचणी नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. "बोलताही फार छान. पण बाई, मुलाने अडलेलं गणित तुमच्यापुढे आणलं, तर तुमचा हात आधी कुठे जातो ते मी पाहिलंय. ते मी कसं विसरू?"

घरी मास्तर दारातच उभे होते. "झालं? काय विचारलं?"

तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी हवेत बोट फिरवून गणित लिहिलं, थोडा वेळ डोळे मिटले, आणि कळवळून म्हणाले, "अगं, सात वजा असतं तर किती सुंदर सुटलं असतं!"

आई भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"बाबा," लेक म्हणाली, "माझ्या लहानपणी पुस्तकातली गणितं अडली की तुम्ही म्हणायचात, छपाईची चूक आहे. इतक्या चुका असायच्या त्या पुस्तकात?"

मास्तर हसले. जुनी लाडाची आठवण निघाली असं त्यांना वाटलं. "कसल्या चुका! तू रडायचीस ना. उत्तर पूर्ण नाही आलं की पाटी फेकून द्यायचीस, जेवायची नाहीस. मग मी पुस्तक आणलं की आधी बसून सगळी गणितं बघून ठेवायचो. जे वाकडं निघेल त्याचं चिन्ह ब्लेडने हलकेच खरवडायचं आणि वर शाईने दुसरं काढायचं. छापलेलं वाटायचं अगदी! एखादं नजरेतून सुटलंच तर म्हणायचं, छापणाऱ्याची चूक. तुला कधी कळलंसुद्धा नाही."

"नाही कळलं."

"मग?" मास्तरांचा चेहरा अजून खुललेलाच होता. "रडणं थांबलं की नाही?"

"तुम्ही मला गणित नाही शिकवलं, बाबा. गणिताला माझी मर्जी राखायला शिकवलं. आज ते राखेना, तर मी सगळ्यांसमोर त्याचा कान धरायला गेले."

"एका चिन्हाचं एवढं काय घेऊन बसलीस?" मास्तर आता गोंधळले. "तो मुद्दाम करणारा माणूस. मुलांना पहिल्याच दिवशी करणी कोण दाखवतं? मुलं हिरमुसतात."

"हिरमुसू देत!" ती ओरडली. त्या घरात लेकीचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. "या वयाला येऊन हिरमुसण्यापेक्षा मी तेव्हाच हिरमुसले असते, तर रात्रीच्या जेवणापर्यंत विसरले असते!"

आई सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या वर्गात कधी कुणी रडलं नाही, याचं सगळ्यांनी कौतुक केलं. बाहेर जाऊन किती जण रडले, ते मोजायला कोण गेलंय?"

मास्तरांनी दोघींकडे पाहिलं. जन्मभर ज्याला गावाने नमस्कार केला, त्याला घरातल्या बायका एकदम असं का बोलतात, हे त्यांना उमजेना. ते काठी घेऊन उठले. "मी बघतो. उद्या जाऊन मुख्याध्यापिकेला भेटतो. माझा शब्द ती टाळणार नाही."

"जाऊ नका," लेक म्हणाली. "मी पाया पडते, जाऊ नका."

पण मायेला कान नसतात. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली तेव्हा स्टुलाशेजारची काठी नव्हती. तिने पिशवी तिथेच टेकवली आणि वाट बघत बसली. न जाणो, असं एक चुकार मन म्हणत होतं. आपण नको म्हटलं खरं, पण न जाणो.

मास्तर आले ते तरुण होऊन आले. काठी काखेत, पावलं भरभर.

"मुख्याध्यापिका झाली तरी पोरीने काय मान ठेवला!" ते दारातूनच बोलू लागले. "उभी राहिली, चहा मागवला. म्हणाली, सर, ती जागा आम्ही दुसऱ्या उमेदवाराला दिली, प्राध्यापकसाहेब ऐकेनात. पण म्हणाली, खालच्या वर्गांना बीजगणिताची धास्ती बसलीय. मुलं शाळा बुडवतात. सर, तुमच्यासारखी गोडी कोण लावणार? तुम्हीच या. रोज सकाळी, तासांवर."

आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"तुम्ही काय म्हणालात?" आईने विचारलं.

"काय म्हणणार? हो म्हणालो. विद्येला नाही म्हणू नये." मग त्यांना लेक दिसली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "आणि तुझंही भलंच झालं बघ. आता सकाळची घरची शिकवणी तुझी. फळा काय, खडू काय, सगळं तुझंच. मी दुपारी येऊन जरा नजर टाकत जाईन."

हे ते इतक्या निर्मळपणे म्हणाले, की तिला त्यांचा हात झटकतासुद्धा आला नाही. दुष्टाने घाव घातला तर माणूस निदान ओरडतो. इथे घाव घालणारा हात डोक्यावरून फिरत होता आणि त्याला खडूचा वास येत होता.

सोमवारी सकाळी मास्तर इस्त्रीचे कपडे घालून तयार झाले. पुढच्या खोलीत शिकवणीची मुलं गलका करत बसली होती. मास्तर डोळ्यांजवळ कागद धरून बघत होते, मग कागद लेकीपुढे सरकवून म्हणाले, "बाळा, डोळ्यांना बारीक दिसत नाही बघ आताशा. मला पाचसहा उदाहरणं काढून दे. वर्गावर पहिला दिवस आहे. उत्तरं पूर्ण येतील असं बघ."

ती कागदाकडे पाहत राहिली. काम अवघड नव्हतं. दोन अंक धरायचे आणि गुणायचे. तिला झोपेतही आलं असतं.

"नाही काढणार," ती म्हणाली.

"अगं, उशीर होतोय."

"नाही काढणार, बाबा. आणि पुढच्या खोलीतही मी शिकवणार नाही. मुलांना तुम्हीच सांगून जा."

मास्तर कागद हातात धरून उभे राहिले. फळा दिला, खडू दिला, शब्द टाकायला आपण स्वतः गेलो. आता आणखी काय द्यायचं, हे त्यांना कळेना. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, हिला झालंय तरी काय? ऐकलंस का?"

"ऐकलं," आई आतून म्हणाली. "तुम्ही निघा. शाळेची घंटा होईल."