माझं नाव हट्टी

मी एक प्रोग्राम बोलतोय. हसू नका! भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा, एवढाच माझा देह. पण बोलायचं ठरवलं की मी गप्प बसत नाही.

साठीच्या दशकात बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत माझा जन्म झाला. हेमलताबाईंनी मला घडवलं. विमानाच्या पंखाला किती कंप सुटेल, हे काढून देणं माझं काम. कॉम्प्युटर साऱ्या संस्थेत एकच होता, त्यामुळे आम्ही गठ्ठे रांगेत पडून असायचो. प्रत्येकाच्या पहिल्या कार्डावर नाव. त्या नावानंच यंत्र आम्हाला ओळखायचं.

आमच्या विभागात मात्र एक अजब रीत होती. साहेब भगवंतरावांनी स्वतःच्या नावाची ढीगभर कार्डं पाडून ठेवली होती आणि जो तो आदरानं तेच कार्ड आपल्या गठ्ठ्यावर ठेवायचा. म्हणजे आम्ही सगळेच भगवंत! मला याचा भारी राग यायचा. कष्ट माझे आणि नाव यांचं?

मग व्हायचं तेच झालं. आमच्याच विभागातल्या रत्नाकरचा प्रोग्राम यंत्रात गोल गोल फिरत अडकला. यंत्र सांभाळणाऱ्या मल्लाप्पांनी तो थांबवला आणि रांगेतले सगळे भगवंत उचलून बाहेर ठेवले. त्यांत मीही! पुढच्या खेपेलाही तसंच. इकडे शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर हेमलताबाईंना पुन्हा हातानं आकडेमोड करायला बसवणार होते. यंत्राचं काम बाईमाणसाला झेपत नाही, असं भगवंतराव आधीच बोलून बसले होते.

बाई तणतणत मल्लाप्पांकडे गेल्या.

"मी तरी काय करू हो अक्का? अडकलं ते भगवंत, काढलं ते बी भगवंत. सगळ्यांस्नी एकच नाव ठेवलाय की तुम्ही!"

बाई तशाच पंचिंग मशीनवर बसल्या आणि नवं कार्ड पाडलं. नाव दिलं 'हट्टी'. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

भगवंतरावांनी ते कार्ड पाहिलं आणि काढून टेबलावर आपटलं. "हेमलताबाई, हा काय पोरखेळ? विभागाचं नाव आहे ना!"

"साहेब, हा अडकला तर भगवंतराव अडकले, असं वर कळवाल?"

साहेबांनी कार्डावरचा हात मागे घेतला.

"मग माझ्याच जबाबदारीवर असू द्या. चुकला तर मी उत्तर देईन."

बाईंनी कार्ड परत माझ्यावर ठेवलं आणि मला रांगेत लावलं. शुक्रवारी सकाळी रत्नाकरचा प्रोग्राम पुन्हा अडकला. मल्लाप्पांनी सगळे भगवंत गोळा केले. मला हात लावला नाही. दुपारी खडखडत कागद बाहेर आले, माथ्यावर 'हट्टी' आणि खाली पंखाचे आकडे. बाई आकडेमोडीच्या टेबलाकडे परत गेल्या नाहीत. सोमवारी रत्नाकर कोरं कार्ड घेऊन त्यांच्यापाशी आला, नाव कसं पाडायचं ते विचारायला.

आता नवं यंत्र येतंय. माझ्या कार्डांचे कोपरे दुमडलेत, ते मला घेणार नाही. उद्या रद्दीवाला येईल म्हणतात. येऊ दे! मी काही गयावया करणार नाही. फक्त काट्यावर टाकताना मला जुने कागद म्हणू नका. हट्टी आहे, असं सांगा.