वस्तऱ्याखालची मान

न्हाव्याच्या हातून कात्री पुन्हा पडली. बायकोने ती उचलून फळीवर ठेवली आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत कसंबसं तोंड मिटून धरलं. ते उंबऱ्याबाहेर पडलं तशी ती उसळली.

"आता तरी ऑपरेशनला हो म्हणा! मानेच्या मणक्यांमधली चकती सरकून नसेवर बसलीय. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. डॉक्टर काल काय म्हणाले? हाताचा जोर कमी होत चाललाय, आता थांबू नका."

"अजून महिनाभर पट्टा लावतो. पडेल आराम."

"आणि तोवर गेलेला जोर परत नाही आला तर?"

तो कंगवे पुसत राहिला. हात गेला तर दुकान गेलं, हे काय त्याला कळत नव्हतं? पण ऑपरेशन पुढून, गळ्याला छेद देऊन करतात, हे ऐकल्यापासून तो विषयच टाळत होता.

तेवढ्यात शेजारचा शिंपी आला. जुना दोस्त, दाढी कायम इथेच करायचा. वहिनींचा चेहरा बघून तो काय ते समजला.

"वाहवा! जन्मभर लोकांच्या गळ्याला वस्तरा लावलास, आणि स्वतःच्या गळ्यावर आलं तर शेपूट घालतोस?"

"हात चालतोय माझा! उगाच बाऊ करू नका दोघं."

"चालतोय ना? मग कर दाढी." शिंपी खुर्चीत रेलला.

न्हाव्याने अंगावर कापड टाकलं, फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. अंगठा बधिर, शेजारचं बोटही बधिर. आपण किती दाबतोय ते कळेना, म्हणून तो नजरेनेच अंदाज घेत हात चालवू लागला. एक गाल झाला. बरा झाला. बायको दाराशी श्वास रोखून उभी होती.

मग त्याने शिंप्याची हनुवटी वर केली. शिंप्याने डोळे मिटले.

"बघ, झोप लागतेय मला."

आवाज नेहमीसारखाच, चेष्टेचा. पण कापडाखाली त्याच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या होत्या आणि कापड त्यांत गोळा होऊन ओढलं गेलं होतं. इतक्या वर्षांत या खुर्चीत हा माणूस कधी असा बसला नव्हता. वस्तरा गळ्यापासून बोटभर अंतरावर थांबला.

न्हाव्याने तो मिटून ठेवला. डाव्या हाताने टॉवेल घेतला आणि उरलेला फेस पुसायला लागला.

"अरे, अर्धीच झाली की!"

"उरलेली घरी कर."

शिंप्याने खाली पाहिलं. मुठी सोडल्या, चुरगळलेलं कापड मांडीवर सारखं केलं. त्याचा चेहरा पार उतरला.

"मी घाबरलो नव्हतो रे. आईशपथ."

"ठाऊक आहे," न्हावी म्हणाला. "मी घाबरलो."

बायको डॉक्टरांना फोन लावायला आत वळली. त्याने तिला थांबवलं.

"फक्त तारीख विचार. हाताचा जोर परत येईल का, ते विचारू नकोस."