साडेसहापर्यंत धक्क्याला

लग्नाला वीस महिने झाले होते आणि त्यातले प्रणितसोबतचे दिवस मी मोजून ठेवले होते. एकशे अकरा. बाकी सगळा काळ तो मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत, आणि मी खांदा कॉलनीत त्याच्या आईसोबत. पंधरा दिवसांतून एकदा त्याचा उपग्रहावरून फोन यायचा. बोललेलं पलीकडे पोचायला वेळ लागायचा, त्यामुळे आम्ही दोघं एकदम बोलायचो आणि मग दोघंही एकदम गप्प व्हायचो. अशा फोनवर भांडताही येत नाही, आणि मला भांडायची फार सवय आहे.

२००९च्या फेब्रुवारीत त्यानं कळवलं की त्याचं जहाज, ईस्टर्न लॉरेल, अठ्ठावीस तारखेला न्हावाशेव्याला लागणार. मुक्काम जेमतेम काही तासांचा. इंजिनाचं काम निघाल्यामुळे त्याला बंदराबाहेर सोडणार नव्हते, पण घरच्यांना पास काढून जहाजावर जाता येत होतं.

"तू ये," तो म्हणाला. "अर्धा तास भेटला तरी चालंल."

मी जासईच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर विभागात नोकरीला होते. आमच्या ऑफिसच्या गच्चीवरून बंदराच्या क्रेन दिसायच्या. सात महिने जगभर फिरून माझा नवरा त्या क्रेनखाली येणार होता, आणि त्या अर्ध्या तासापलीकडे मला काही सुचत नव्हतं. कोणती साडी नेसायची तेसुद्धा मी ठरवून टाकलं. तो इंजिनखोलीतून तेलकट हातांनी येणार हे माहीत असूनही फिकट रंगाची ठरवली.

नेमकं त्याच वेळी आमच्या साहेबांनी, सत्यजीत सरांनी, एक काम गळ्यात मारलं. ज्या परदेशी कंपनीचे कंटेनर आमच्याकडे यायचे, तिनं फर्मान काढलं होतं की एक मार्चपासून याद्या मेलनं चालणार नाहीत. कुठला कंटेनर आत आला, कुठला बाहेर गेला, ही यादी दर तासाला आमच्या सर्व्हरवरून त्यांच्या सर्व्हरवर आपोआप गेली पाहिजे, आणि त्यांचं जहाजांचं वेळापत्रक आपोआप इकडे आलं पाहिजे. माणसाचा हात मध्ये लागता कामा नये. अठ्ठावीसला सकाळी वरची मंडळी हे सगळं चालताना बघायला येणार होती. मी रजेचा विषय काढला तर सर म्हणाले, आधी फाईल जाऊ द्या, कीर्ती मॅडम, एकदा दाखवून झालं की तुम्ही मोकळ्या.

प्रोग्रॅम मी पर्ल नावाच्या भाषेत लिहिणार होते. त्यात एक सोय असते. फाईल सुरक्षित पाठवणं वगैरे अवघड कामं जगातल्या कुणीतरी आधीच लिहून फुकट ठेवलेली असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. ते आणायचं, सर्व्हरवर बसवायचं, की झालं. पण त्या कंपनीशी जोडणारी एक लाईन सोडली तर आमच्या सर्व्हरला इंटरनेट नव्हतं, कारण सरांना व्हायरसची धास्ती. त्यामुळे रोज संध्याकाळी घरी मॉड्यूल उतरवून घ्यायचं, सीडीवर घालायचं, सकाळी कंपनीच्या बसनं गव्हाण फाट्यावरच्या ट्रेलरांच्या रांगेतून जासईला न्यायचं आणि बसवायला घ्यायचं. मग ते मॉड्यूल म्हणायचं, माझ्याआधी अमुक दुसरं लागेल. म्हणजे पुन्हा संध्याकाळ, पुन्हा सीडी. लग्नात एका मावशीला आवतण द्यावं, तिनं म्हणावं जावेला बोलावलंत तर येते, आणि जावेनं नणंदेला पुढे करावं, तसला प्रकार. एकेका नावापायी माझा एकेक दिवस जात होता.

हे मी सासूबाईंना, म्हणजे गोदूबाईंना, असंच समजावून सांगितलं होतं. त्या मूळच्या उरणच्या, उभी हयात मासळीच्या पाटीत गेलेली. त्यांना ते चटकन पटलं. रोज दार उघडताना त्या विचारायच्या, "आली का गं सगली पावनी?" मी नाही म्हणून मान हलवली की त्या पुन्हा जवळा निवडायला बसायच्या. प्रणितसाठी सुक्या जवळ्याची चटणी आणि तळलेले बोंबील न्यायचे होते. जहाजावरचा खानसामा सगळ्यात टोमॅटो घालतो अशी त्याची तक्रार होती.

नऊ दिवस आणि अकरा सीड्या गेल्या. शेवटचं मॉड्यूल वेळेचं होतं. परदेशी कंपनीला सगळ्या वेळा ग्रीनविचच्या हव्या होत्या, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या. ते बसवल्यावर त्याच्या तपासणीच्या ओळी पडद्यावर सरसरत गेल्या. प्रत्येक ओळीशेवटी ओके. मी खुर्चीत मागे टेकले आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा स्वतःवर खूश झाले.

खूश माणूस जास्तीचं काहीतरी करतो. जाणाऱ्या फाईलमधल्या वेळांतून साडेपाच तास वजा करायचे, एवढंच मला सांगितलं होतं. येणाऱ्या वेळापत्रकाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. पूर्वी ते मेलनं परस्पर यार्डाच्या गेटवर जायचं, मी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. पण प्रणितचं जहाज त्यातच येणार होतं. ते लोक ग्रीनविचवर चालतात तर त्यांच्या वेळाही ग्रीनविचच्याच असणार, असं मी धरून चालले, आणि येणाऱ्या वेळांत साडेपाच तास मिळवणारी एक ओळ माझ्या मनानं घातली. जहाजाची वेळ आली नसेल तोवर त्याच्या नावापुढे 'धक्क्याला' दिसेल आणि वेळ झाली की 'रवाना', अशीही सोय केली. ही सोय यार्डासाठी नव्हती. ती माझ्यासाठी होती.

शुक्रवारी जहाजाच्या एजंटाकडच्या दिनानाथ म्हात्रेंनी माझा पास तयार ठेवल्याचं कळवलं. ते म्हणाले, जहाज रात्री लागेल, सुटायची वेळ सकाळी फोन करून विचारून घ्या, सुटण्याआधी दोन तासांपर्यंतच बंदराच्या गेटमधून आत सोडतात. मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, मला कशाला फोन लागतोय, वेळापत्रक माझ्या सर्व्हरवर येतंय.

शनिवारी सकाळी नऊ वाजता ते खरंच आलं. कुणी हात न लावता आलं. ईस्टर्न लॉरेल, धक्क्याला, प्रस्थान अठरा तीस. साडेसहा! म्हणजे साडेचारपर्यंत आत जाता येणार. मी दीडला निघाले तरी दोन अडीच तास मिळत होते. अर्धा तास मागितला होता आणि एवढा मिळाला म्हणून मला इतका आनंद झाला की मी सरांना चहा पाजला.

डब्यांची पिशवी मी टेबलाखाली ठेवली आणि फोन बाहेरच्या ट्रेमध्ये. सर्व्हरखोलीत फोन न्यायचा नाही हा सरांचा नियम. साडेअकराला वरची मंडळी आली. यादी गेली, वेळापत्रक आलं, त्यांनी माना डोलावल्या, मग एकानं प्रश्न काढले, मग दुसऱ्यानं तेच प्रश्न पुन्हा काढले. मला घाई नव्हती. मी हसून उत्तरं देत होते.

सव्वाएकला बाहेर आले तर ट्रेमधल्या फोनवर एकाच अनोळखी नंबरचे नऊ मिस्ड कॉल होते. मी लावला. पलीकडे प्रणितच होता. सात महिन्यांत त्याचं सिमकार्ड बंद पडलं होतं, हा नंबर बरोबरच्या कुणाचा तरी होता.

"कुठं हाईस?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, ऑफिसात, आत्ताच निघतेय.

"आता नको निघू. आमी सुटलो."

मी म्हटलं, असं कसं, साडेसहाला सुटणार आहे, मी स्वतः पाहिलंय.

"एकला सुटायचं व्हतं. फल्यावर कालपास्ना लिवलंय. मी अकरापास्ना शिडीपाशी उभा व्हतो. घरी फोन केला तं आई बोलली, डबा घेऊन गेलीय, पोचलंच. मंग दोर सोडले. मंग वर आलो."

साडेसहातून एक गेला की किती उरतात ते मला बोटांवर मोजावं लागलं नाही. वेळापत्रकात आपल्या बंदराची वेळ ग्रीनविचची नव्हती, इथलीच होती. तिच्यात साडेपाच तास मी घातले होते. मॉड्यूलची तपासणी झाली होती, माझी कुणी केली नव्हती. आणि एक फोन केला असता तर दिनानाथांनी एका वाक्यात खरी वेळ सांगितली असती.

वेळापत्रक पाठवणाऱ्या कंपनीची चूक आहे असं सांगता आलं असतं. तो मानला असता, कारण कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असं तो जहाजावर सांगत फिरतो. पण मी सांगितलं. ती ओळ मी घातली, मला कुणी सांगितली नव्हती, तुझी वेळ मला बरोबर दिसावी म्हणून घातली, आणि जिथे काहीच करायचं नव्हतं तिथे साडेपाच तास मिळवून बसले. सांगताना मी रडत होते. पॅसेजमधून वरची मंडळी जेवायला चालली होती, त्यांनी पाहिलं, पाहू देत.

या वेळी मध्ये उपग्रह नव्हता. तो खरोखरच गप्प होता.

"म्हंजे तुज्या मशीनमदी मी अजून धक्क्यालाच हाय?" शेवटी त्यानं विचारलं.

"हो."

"कवर?"

"साडेसहापर्यंत."

"मंग राऊ दे मला तवर," तो म्हणाला. आणखीही काही म्हणाला, पण जहाज बाहेर पडत होतं, आवाज तुटत गेला आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. लागला नाही.

मी सरांकडे जाऊन जे झालं ते सांगितलं. बाकीच्या जहाजांच्या खऱ्या वेळा कागदावर लिहून यार्डाच्या गेटसाठी त्यांच्या हातात दिल्या. ते म्हणाले, एकच ओळ आहे ना, काढून टाका. मी म्हटलं, साडेसहाला काढते. त्यांनी कारण विचारलं आणि मी तेही सांगितलं. एरवी हा माणूस एका स्वल्पविरामावरून अर्धा तास बोलतो. त्या दिवशी त्यांनी कागदाची घडी घातली आणि भर उन्हात तो स्वतः गेटवर नेऊन दिला.

मी सर्व्हरखोलीत जाऊन बसले. डब्यांची पिशवी मांडीवर होती आणि बंद झाकणातूनही जवळ्याचा वास येत होता. दर तासाला नवी फाईल यायची, माझी ओळ तिच्यात साडेपाच तास मिळवायची, आणि पडद्यावर यायचं, ईस्टर्न लॉरेल, धक्क्याला. जहाज कधीच खोल समुद्रात गेलेलं आहे हे मला कळत होतं. तरी मी त्या शब्दासमोरून उठले नाही. नवरा जवळ असताना बायको बसते तशी मी बसले होते. त्याला सांगायच्या गोष्टी मनात एकामागून एक सांगत होते. आईंचा गुडघा, गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी, आणि मी कशी नऊ दिवस पाहुणे गोळा करत होते ते.

साडेसहाला तो शब्द आपोआप बदलला. रवाना. मी ती ओळ काढून टाकली, बाहेर येऊन ट्रेमधला फोन उचलला, आणि घरी आईंना कळवलं की तो आत्ताच गेला.