थुंकीवर चाललेली माझी नोकरी

मी एक जुना टॅबलेट आहे आणि मला भांड्यांबरोबर घासून मारण्यात आले आहे. पण हे वाक्य तुम्ही वाचले नाही आणि मी लिहिले नाही. मी ठणठणीत आहे. सुरुवातीपासून सांगतो.

मित्रांनो, माझा जन्म अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे माणसे डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी आणि हाताला मोजे घालून मला हात लावत. एकदा एका बाईला शिंक आली, तर तिला बाहेर नेण्यात आले. ती परत आली की नाही, ठाऊक नाही. मला वाटले, जग असेच असते. लहानपणी सगळ्यांचेच गैरसमज असतात.

खोक्यातून निघालो तो थेट पाणीपुरवठा व गटार खात्यात. होय, दोन्हींचे खाते एकच होते. पुढे कळले की जमिनीखालच्या नळांनीही हीच पद्धत स्वीकारली होती.

माझे मालक तिथे गटारांची पाहणी करत. बावीस वर्षे ते झाकण उचलून खाली उतरायचे, वर यायचे आणि वहीत नोंद करायचे. वहीचे पान उलटायचे म्हणजे आधी बोट जिभेला लावायचे. मग साहेबांनी वही बंद केली आणि मला त्यांच्या हातात दिले. परिपत्रक सगळ्यांना गेले, मालकांच्या जिभेला तेवढे गेले नाही.

पहिल्या दिवशी मालक गटारातून वर आले. हातमोजे काढले, हात पँटला पुसले, ती पँटही नुकतीच खाली जाऊन आली होती. मग बोट जिभेला लावले आणि माझ्या तोंडावरून सर्रकन फिरवले. ही आमची पहिली ओळख. काही लोक आधी नाव विचारतात.

"भलताच गुळगुळीत आहे की!" मालक म्हणाले.

"बघू, बघू," म्हणत त्यांचे जोडीदार फिटरकाका पुढे झाले आणि त्यांनीही बोट जिभेला लावले. काका तंबाखू खात. याहून अधिक सांगत नाही, लहान मुले वाचत आहेत.

घरी तरी सुटका होईल, असे मला वाटले. घरी चार वर्षांची चिमणी होती. तिने बोटाचा टप्पाच गाळला. ती मला थेट चाटत असे. मालकीणबाई कांदा चिरता चिरता मला कोपराने सरकवत. जेवताना टेबल पोळू नये म्हणून माझ्यावर गरम पातेले ठेवले जाई. महिन्याभरात माझ्या अंगावर इतके थर चढले, की मी किती पातळ आहे असे कौतुक करणारे लोक गप्प झाले.

या घरात मला समजून घेणारे एकच माणूस होते, मालकांची आई. सगळे तिला आजी म्हणत.

"शी शी शी!" आजी मला दोन बोटांत धरून म्हणाली. "ही वस्तू आहे की उकिरडा? याला कोणी धूत नाही का रे?"

"आई, ते धुवायचं नसतं."

"धुवायचं नसतं अशी एक वस्तू दाखव मला या जगात."

मला तिचे म्हणणे शंभर टक्के पटले. मी तेव्हा तरुण होतो.

त्याच सुमारास चिमणीचे पोट दुखू लागले. मग शेजारच्या जुळ्यांचे. मग गल्लीतल्या अकरा घरांतल्या मुलांचे. मालकांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि धार हुंगली. बावीस वर्षांचे मुरलेले नाक ते.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्या दिवसापासून प्यायचे पाणी उकळून घेतले जाऊ लागले. पण चिमणी काही उठून बसेना. मालक गल्लीतल्या झाकणाखाली उतरले. गटाराचा नळ फुटला होता आणि त्यातले सगळे खालच्या पिण्याच्या पाण्याच्या नळात झिरपत होते. ते तसेच साहेबांकडे गेले.

"साहेब, एकदा नाक लावून बघा."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "अहो, वासाची नोंद कुठल्या रकान्यात करू? फोटो आणा. सोमवारी बैठक आहे. फोटो नसतील तर विषय पुढच्या वर्षावर गेला म्हणून समजा."

शनिवारी मालक मला घेऊन खाली उतरले. चाळीस फोटो काढले. तिथे काय होते ते विचारू नका. एवढेच सांगतो, की फिटरकाकांचे बोट आठवून मला भरून आले. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःचा अभिमान वाटला. घाण ती घाणच, पण कामाची.

रविवारी सकाळी मला ओट्यावर ठेवून मालक आंघोळीला गेले. आजी आली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"गटारात घेऊन जातात रे तुला? हाल बघवत नाहीत बाबा तुझे."

साबण, घासणी आणि नळाची मोठी धार. कडा तिने दोनदा घासल्या. मित्रांनो, ज्या पाण्याच्या विरुद्ध मी साक्ष देणार होतो, त्याच पाण्याने मला धुतले. मग दोन ताटांच्या मध्ये निथळायला उभे केले.

"बघ, कसा आरशासारखा झालाय!" आजी म्हणाली.

मालक टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. माझ्यातून थेंब पडत होते. मग मला तांदळाच्या डब्यात पुरले. संध्याकाळी काढले. माझ्याकडून काहीही हालचाल झाली नाही.

आजीने पदर तोंडाला लावला. "माझ्यामुळे गेलं का रे सगळं?"

"नाही गं आई," मालक म्हणाले. "धुतलंस ते बरोबर होतं. पाणी चुकीचं होतं." आणि एवढे बोलून ते एकदम नळाकडे बघत राहिले.

सोमवारी बैठकीत मालकांनी मला तबकासारखे दोन्ही हातांवर धरून नेले. माझ्यावर एक पेला होता, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला.

"फोटो?" साहेबांनी विचारले.

"फोटो गेले, साहेब. मूळ वस्तू आणली आहे. घ्या."

"मला तहान नाही."

"आमच्या चिमणीलाही फार नव्हती. अर्धाच पेला प्यायली होती."

साहेबांनी कागद उलटण्यासाठी बोट जिभेपर्यंत नेले. पेल्याकडे पाहिले. बोट खाली घेतले. मित्रांनो, त्या क्षणी खोलीतल्या सात माणसांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो गेले दोन महिने माझा होता. फक्त मला चेहरा नव्हता. पेला फिरत फिरत टेबलाच्या टोकापर्यंत गेला आणि भरलेलाच परत आला. मग सही झाली. आठ दिवसांत नवा नळ बसला. पंधरा दिवसांत चिमणी पुन्हा दिसेल ते चाटू लागली.

मी ठणठणीत आहे, हे वरचे विधान कायम आहे. हल्ली मी स्वयंपाकघरातल्या पिंपावरचे झाकण आहे. आजी मला रोज घासते. आता पाणी बरोबर आहे.

काल मालकांना खात्याकडून नवा टॅबलेट मिळाला. कोवळा, चकचकीत. मालकांनी तो कौतुकाने समोर धरला आणि बोट जिभेला लावले. मी पिंपावरून सगळे पाहिले.

सबब, सर्व संबंधितांस सविनय विनंती की, नवा नळ बसल्यामुळे 'पाणी चांगले नाही' हे कारण यापुढे ग्राह्य धरले जाऊ नये. कोणत्याही टॅबलेटास स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीने दोन्ही हात साबणाने धुतल्याचा दाखला दोन प्रतींत सादर करावा. जीभ तोंडातच राहील याबाबत फिटरकाकांनी स्वतंत्र हमीपत्र द्यावे. तसेच आजींना, त्यांच्या भावना न दुखावता, लेखी कळवावे की अर्जदार हा मुळात भांडे नव्हता. उत्तर सात दिवसांच्या आत आणि कोरड्या बोटाने देण्यात यावे.