काकांना काय म्हणायचं

"कोण वारलं म्हणालीस?" दूध संकलन केंद्राच्या मॅनेजरने मान वर न करता विचारलं.

"काका."

"सख्खे?"

बारकी दुधाचा कॅन धूत राहिली. लहानपणी अनाथ मुलांच्या संस्थेने तिला ज्यांच्या घरी सांभाळायला दिलं आणि अठरा पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे जिथून बाहेर काढलं, त्या घरच्या माणसाला काय म्हणायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. माणसं सख्खी असतात, चुलत असतात, गेला बाजार लांबची तरी असतात.

"सांभाळणारे," ती म्हणाली.

"म्हणजे रक्ताचे नाहीत." मॅनेजरने सुस्कारा सोडला. "जा. पण उद्या दांडी नको."

बाहेर संस्थेतली ताई स्कूटर चालू ठेवूनच उभी होती. बंद केली तर ती पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नव्हता. संस्थेतून बाहेर पडलेली मुलं आसपासच्या गावांत विखुरली होती. कोणाला खोली बघून दे, कोणाला काम लावून दे, कोणाला नुसतंच "जेवलास का रे?" विचार, असं करत ताई दिवसभर फिरायची. बारकीची नोकरी तिनेच लावली होती.

"तुला घरून कोणी कळवलं नाही ना?"

"नाही."

"गडबडीत राहिलं असेल गं."

"असेल."

शेतं मागे पडत होती. काका विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे आणि शाळा सुटली की बारकी त्यांना पेटीतले पाने-पकडी काढून द्यायला जायची. दोघांत बोलणं बेताचंच. पंपाने पाणी ओढलं की ते म्हणत, "सुटला बघ घसा, बारके." एवढंच. तिला ते आठवलं, पण दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं.

ती पोचली तेव्हा काकांना नेऊन झालं होतं. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, काकू भिंतीला टेकून बसलेल्या.

"ही कोण?" एका पाहुणीने विचारलं.

"आमच्याकडे असायची ती," शहरातून आलेला काकूंचा मुलगा म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. बारकीने चहाचे रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तिला जळतंय की नाही, तेच कळत नव्हतं.

स्वयंपाकघरात ओट्याखाली सहा-सात वर्षांची एक पोर बसली होती. दोन महिन्यांपूर्वी संस्थेतून आणलेली. ताईने वाटेत सांगितलं होतं. काका तिला ठकी म्हणायचे.

"मला परत पाठवणार?" ठकीने विचारलं.

'छे गं' म्हणणं सोपं होतं. मोठी माणसं तसंच म्हणतात.

"माहीत नाही. विचारून येते."

काकूंनी खाली बघतच उत्तर दिलं. "माझ्या एकटीच्यानं नाही निभायचं गं. पोरगा म्हणतोय, माझ्याकडे चल."

"दुसरं घर मिळेपर्यंत संस्थेतच ठेवावं लागेल," ताई म्हणाली. "उद्या सकाळी नेईन."

"मग आज मी राहते तिच्यापाशी. उद्या सोडायलाही येते."

"अगं, आणि नोकरी?"

"बोलणी खाईन. मला आणलं होतं तेव्हा बरोबर ओळखीचं कोणी नव्हतं."

पाऊस थांबला असं सांगावं, तसं ती म्हणाली. काकूंनी आता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं.

"जेवलीस का?"

"जेवते मागाहून."

ती आत येऊन ओट्यापाशी खाली बसली. "उद्या जायचंय. मी येणार आहे बरोबर."

"मग तूही तिथंच राहणार?"

"नाही. रविवारी येईन."

"आणि नाही आलीस तर?"

"ताईला सांग. ती कान धरून आणेल मला."

ठकी हसली नाही, पण ओट्याखालून बाहेर आली. काका दवाखान्यात होते तेवढे दिवस तिच्या केसांना कोणी हात लावला नव्हता. गुंत्याचा पार गोळा झाला होता. बारकीने कंगवा शोधला आणि खालच्या टोकापासून एकेक बट सोडवायला घेतली. मधेच कधीतरी ठकीचं डोकं तिच्या मांडीवर कलंडलं आणि श्वास जड झाला.

बाहेर पाहुणे निघाले होते. खुर्च्या एकावर एक रचल्याचा आवाज येत होता. बारकीच्या पायाला मुंग्या आल्या, मग त्याही थांबल्या आणि पाय आहे की नाही हे कळेनासं झालं. तिने मांडी हलवली नाही. कंगवा खाली ठेवून उरलेला गुंता ती बोटांनीच सोडवत राहिली.